पायलटच्या नोकरीचा बाँड : २५ लाख, ५ वर्षं, तीन कोरे चेक. सही करावी का?

पाचगावकर | शुक्रवार, रात्री ९:५०

मंडळी, घाईत लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. सोमवारी दुपारपर्यंत उत्तर द्यायचंय.

धाकटा भाऊ, वय २४. बारावीनंतर फ्लाइंगला गेला. २०० तास, डीजीसीएचे (सरकारी विमान नियामकाचे) पेपर, आरटीआर (रेडिओचा परवाना), क्लास वन मेडिकल सगळं झालं. सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) हातात आलं आणि त्यानंतर चौदा महिने पोरगं घरात. एकूण खर्च ५८ लाख, त्यातले ३५ बँकेचे, आबांची (वडिलांची) पाचगावातली जागा तारण. हप्ते सुरू झालेत. गेल्या महिन्यात एका विमान कंपनीची लेखी, सिम (जमिनीवरचं नकली कॉकपिट) आणि मुलाखत पार पडली. एटीआर (पंख्याची छोटी विमानं) चालवणारी कंपनी आहे, नाव लिहीत नाही. घरात पेढे वाटून झाले, पाव्हण्यारावळ्यांना फोन गेले, आणि आज मेलवर ११ पानी करार आला.

थोडक्यात असं आहे. टाइप रेटिंगचा (ठरावीक जातीचं विमान चालवायचं प्रशिक्षण, जे लायसन्सवर चढतं) खर्च कंपनी करणार. बदल्यात पाच वर्षं सोडायचं नाही. सोडलं तर २५ लाख, वर १८ टक्के व्याज. सहीचे तीन कोरे चेक. जामीनदार म्हणून वडील. वाद झाला तर लवाद गुरुग्रामला, आणि लवादही कंपनीच नेमणार.

आबा म्हणतात, "५८ लाख घालताना घाबरलो नाही, आता एका सहीला कशाला घाबरायचं?" आई काहीच बोलत नाही, म्हणजे तिला पटलेलं नाही. धाकटा युनिफॉर्मच्या मापाला निघालाय. मी कोल्हापुरात शाहूपुरीत ऑटो स्पेअरचं दुकान चालवतो. मला बेअरिंगचा नंबर पाठ असतो, कलमं नाहीत. जाणकारांनी सांगा.

नाद_खुळा_०९ | शुक्रवार, रात्री १०:०२

भावा, चौदा महिने घरात बसलेल्या पायलटला विचारायचं काय त्यात? डोळे झाकून सही. असले बाँड कोर्टात टिकत न्हाईत. माझ्या मेव्हण्याच्या आयटी कंपनीनं दोन लाखाचा केलेला, सोडून गेला, कुत्रं सुद्धा भुंकलं नाही.

शिरगावची_लेथ | शुक्रवार, रात्री १०:३१

मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, म्हणून लिहितो. गोकुळ शिरगावला माझं छोटं मशिन शॉप आहे. आयटीआय झालेलं पोर येतं तेव्हा त्याला सीएनसीवर टूल ऑफसेट सुद्धा धड घालता येत नाही. सहा-आठ महिने मी पगार देऊन शिकवतो. मधे तो दोन इन्सर्ट (मशिनची कापायची पाती) फोडतो, एकदा तर एकानं चक जॉबला धडकवून स्पिंडलच बिघडवला. आणि हात बसला की चाकणहून फोन येतो, तीन हजार जास्त. शनिवारी पगार घेतो, सोमवारी गायब. म्हणून मी पण बाँड करतो. पन्नास हजाराचा, दोन वर्षांचा.

विमान कंपनी तर एका पोरावर लाखो घालते, आणि रेटिंग लागतं ते पोराच्या लायसन्सवर. कंपनीच्या कपाटात काही राहत नाही. उद्या तो शेजारच्या कंपनीत गेला तर शेजाऱ्याला फुकटात तयार पायलट. तेव्हा "बाँड म्हणजे वेठबिगारी" असं कुणी म्हणायला लागलं की मला राग येतो. पण कोरे चेक हे जरा जास्त होतंय, एवढं मी पण म्हणेन.

टाकाळ्याचा_वकील | शुक्रवार, रात्री ११:१५

नाद_खुळा यांचं वाक्य मी वर्षाला शंभर वेळा ऐकतो. "कोर्टात टिकत नाही." अर्धवट खरं असल्यामुळेच ते जास्त नडतं.

खरं एवढंच की तुमच्या भावाला कोणतंही कोर्ट जबरदस्तीनं त्या कंपनीत विमान चालवायला लावू शकत नाही. वैयक्तिक सेवेचा करार तसा अंमलात आणता येत नाही, तो भाग स्पेसिफिक रिलीफ कायद्यात स्पष्ट आहे. नोकरी सोडल्यानंतर "दुसरीकडे कुठंच काम करायचं नाही" अशी अट असेल तर ती करार कायदा १८७२ च्या कलम २७ खाली रद्दबातल. पण "ठरलेल्या मुदतीआधी सोडलंस तर खर्च भरून दे" ही अट निराळी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात नेमकं हेच सांगितलं. तीन वर्षांची अट होती, आधी सोडलं तर दोन लाख. अधिकारी दोन वर्षं व्हायच्या आत दुसऱ्या बँकेत गेला, दोन लाख भरले आणि मग भांडला. उच्च न्यायालयापर्यंत जिंकला, सर्वोच्च न्यायालयात हरला. त्यामुळे मेव्हण्याच्या वेळची गोष्ट आता सांगू नका.

आता दुसरी बाजू. कलम ७४ म्हणतं की करारात दंडाचा आकडा लिहिला असला तरी कोर्ट देतं ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. २५ लाख लिहिले म्हणजे २५ चं बिल फाटलं असं नाही. दिल्ली उच्च न्यायालयाचा २०११ चा एक निकाल मी अशिलांना नेहमी सांगतो, कारण त्यातलं गणित चौथीच्या पोराला कळतं. बाँड तीन वर्षांचा, रक्कम दोन लाख. कंपनीनं प्रशिक्षणावर प्रत्यक्षात घातलेले ६७,५९६ रुपये. माणूस दोन वर्षं काम करून गेला. उरलं एक तृतीयांश. मिळाले २२,५३२ रुपये.

करारात शोधा : प्रत्यक्ष खर्च किती ते लिहिलंय का, आणि काम केलेल्या महिन्यांप्रमाणे रक्कम उतरते का.

पण माझी मोठी काळजी वेगळीच आहे, ती उद्या लिहितो. उद्या नऊला पन्हाळ्याच्या कोर्टात... नाही, उद्या शनिवार. तरी झोपतो.

डावी_सीट | शनिवार, पहाटे ५:४०

लेओव्हरला हॉटेलात जागा आहे म्हणून लिहितो. मूळचा कागलचा, अकरा वर्षं एअरलाईनमध्ये. कंपनी विचारू नका.

बाहेरचे लोक दोन गोष्टींची खिचडी करतात, बाँड आणि नोटीस. बाँड हा तुमचा आणि कंपनीचा करार. नोटीस पीरियड हा डीजीसीएचा नियम. २०१७ पासून फर्स्ट ऑफिसरला (सहवैमानिकाला) सहा महिने, कॅप्टनला एक वर्ष. पायलटांच्या संघटनांनी त्याला कोर्टात आव्हान दिलंय, तो विषय लांबचा. मुद्दा हा की नोटीस काळात जुन्या कंपनीच्या एनओसीशिवाय (ना हरकत पत्राशिवाय) नवी कंपनी तुम्हाला घेऊ शकत नाही. २०२३ मध्ये अकासाचे ४३ पायलट नोटीस न पाळता गेले तेव्हा कंपनी थेट मुंबई उच्च न्यायालयात गेली होती, कोट्यवधींचा दावा लावून.

आता हे दोन एकत्र ठेवून बघा. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर राजीनामा देणार असाल तर प्रत्यक्षात साडेपाच वर्षं. मधेच सोडलं तर बाँडचे पैसे भरूनही सहा महिने थांबा. वकीलसाहेब म्हणतात ते कोर्टाचं गणित बरोबर असेल, पण आमच्या धंद्यात कोर्टापर्यंत कुणाला जायचंच नसतं. पायलट चार-सहा महिने घरी बसला की त्याची किंमत उतरते. नव्वद दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग नसतील तर सरळ जाऊन प्रवासी बसवून उडता येत नाही, ठरावीक उड्डाण चाचण्यांची मुदत निघून जाते, पुन्हा सिम करावं लागतं. आणि पुढच्या मुलाखतीत पहिला प्रश्न, "एनओसी आहे का?" कंपनीला खटला जिंकायची गरजच नसते, कागद अडकवून ठेवला की पुरे.

करारात हे बघा. पाच वर्षं कुठून मोजतात? जॉइनिंगपासून, टाइप रेटिंग संपल्यापासून, की लाईन रिलीजपासून (प्रशिक्षकाशिवाय प्रवासी उड्डाणं करायला मोकळं केल्यापासून)?

पाचगावकर | शनिवार, सकाळी ७:२०

कॅप्टनसाहेब, तेच विचारणार होतो. कलम ४ मधलं जसंच्या तसं मराठीत करून लिहितो : "सदर पाच वर्षांचा कालावधी प्रशिक्षणार्थीस स्वतंत्र लाईन उड्डाणासाठी मुक्त केल्याच्या तारखेपासून गणला जाईल." आणि कलम ९ : "कंपनीने कोणत्याही कारणाने सेवा समाप्त केल्यास सुद्धा संपूर्ण रक्कम देय राहील."

आबांना वाचून दाखवलं. "कोणत्याही कारणाने" दोनदा वाचायला लावलं. मग चष्मा काढून म्हणाले, "म्हणजे त्यांनी हाकललं तरी पैसे आपणच द्यायचे?" आणि चहा तसाच ठेवून गोठ्याकडं गेले.

डावी_सीट | शनिवार, सकाळी ७:३८

हेच ते. ४ आणि ९ एकत्र वाचा.

आता टाइप रेटिंगचा रस्ता सांगतो म्हणजे ४ चा अर्थ कळेल. आधी ग्राउंड क्लासेस, मग सिम. सिमचे स्लॉट चोवीस तास चालतात, नव्या पोरांच्या वाट्याला बहुतेक रात्री दोन ते सहाचा येतो. माझ्या पहिल्या सिमला टेकऑफच्या ऐन वेळी एक इंजिन बंद केलं होतं, पाय रडरवर इतका दाबला होता की उतरल्यावर जिना चढता येईना. ते पार पडलं की विमानावर बेस ट्रेनिंग, लायसन्सवर रेटिंग चढवणं, मग प्रशिक्षकासोबत प्रवासी घेऊन लाईन ट्रेनिंग, आणि शेवटी रिलीज चेक. मधल्या प्रत्येक टप्प्यावर थांबायला लागू शकतं. सिम नाही, प्रशिक्षक नाही, विमान हँगरमध्ये पार्टची वाट बघत उभं. सगळं सुरळीत चाललं तर रिलीजला काही महिने. नाही चाललं तर वर्ष. आणि ते वर्ष तुमच्या पाचात धरलेलं नाही.

रंकाळा_वॉक | शनिवार, सकाळी ८:०५

अवांतर : आपलं कोल्हापूरचं, उजळाईवाडीचं विमानतळ १९३९ साली राजाराम महाराजांनी सुरू केलं तेव्हा देशात किती गावांना विमानतळ होतं? आणि आज आपल्या पोरांना विमान चालवायची नोकरी गुरुग्रामच्या मेहरबानीवर. लहानपणी आम्ही कंपाउंडच्या बाहेर ऊस खात विमानाची वाट बघायचो, दिवसाला एक यायचं, कधी तेही नाही.

दोनदा_ग्राउंडेड | शनिवार, सकाळी १०:५०

लिहावं की नाही, दोन तास विचार करत होतो. कंपनीचं नाव सांगणार नाही, तडजोडीत तशी अट आहे.

माझा पण बाँड होता, १८ लाखांचा, चार वर्षांचा, रिलीजपासून. जामीनदार वडील. सही करताना आम्ही दोघं इतके खूश होतो की कलमं वाचलीच नाहीत, एचआरची बाई पानं उलटत गेली आणि आम्ही पेन्सिलीची फुली दिसेल तिथं सही करत गेलो. टाइप रेटिंग झालं. मग लाईन ट्रेनिंगसाठी सात महिने वाट बघितली, अर्ध्या पगारावर. मग वार्षिक मेडिकलला मूतखडा निघाला. टेम्पररी अनफिट. खडा काढला, पुन्हा फिट होईपर्यंत पाच महिने गेले. त्यात कंपनीनं "प्रशिक्षण मुदतीत पूर्ण झालं नाही" म्हणून कमी केलं. लाईन रिलीज झालंच नव्हतं, त्यामुळे चार वर्षांतला एक दिवस सुद्धा मोजला गेला नव्हता. १८ लाख पूर्ण मागितले.

आणि नोटीस मला नाही आली. आली वडिलांना. आमचं गाव राधानगरीकडं. पोस्टमननं रजिस्टर दिलं, वडिलांना वाटलं साखर कारखान्याचं असेल, ऊसबिलाचं. संध्याकाळी शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतलं. मला फोन केला तेव्हा पहिलं वाक्य हे होतं : "आरं, मी कुणाचं काय घेतलंय?"

शेवटी वकिलानं एकच मागणी लावून धरली की खर्चाची बिलं दाखवा. सिमचे तास किती, दर किती, हॉटेल किती. आठ महिने पत्रापत्री. चार लाखांवर मिटलं. पण त्या आठ महिन्यांत एनओसी नाही, नोकरी नाही. आता दुसऱ्या कंपनीत आहे, बरं चाललंय.

तेव्हा सही कर की नको हे मी सांगणार नाही. वडिलांची सही मात्र करू नका. बाकी सगळं सोसता येतं.

माहेर_गडहिंग्लज | शनिवार, सकाळी ११:१०

वाचून पोटात कालवलं. माझा मुलगा अकरावीला आहे, पायलट व्हायचं म्हणतोय. हे सगळं फ्लाइंग स्कूलच्या सेमिनारला कुणी सांगितलं नाही हो. तिथं फक्त पगाराचा आकडा दाखवला.

टाकाळ्याचा_वकील | शनिवार, दुपारी १२:३०

ग्राउंडेड यांनी माझं काम सोपं केलं. काल ज्या काळजीबद्दल म्हणालो ती हीच.

जामीनदार. लोकांना वाटतं की आधी मुलाकडून वसूल करतील, नाहीच जमलं तर वडिलांकडे येतील. तसं नाही. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच. कंपनी थेट वडिलांवर जाऊ शकते आणि बहुधा जातेच, कारण मुलाच्या नावावर कर्जाशिवाय काही नसतं आणि वडिलांच्या नावावर सातबारा असतो. पाचगावकर, तुमची जागा आधीच बँकेकडे तारण आहे ना? मग एकाच बापाच्या डोक्यावर दोन घोडी बसवताय.

कोरे चेक. सही करून कोरा चेक दिला म्हणजे समोरच्याला आकडा भरायचा अधिकार दिला, असंच कायदा बहुतेक वेळा धरतो. तो बाऊन्स झाला की नोटीस, पंधरा दिवसांची मुदत, मग निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ची फौजदारी केस. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बाँडचा दावा दिवाणी असतो, तिथं कंपनीला नुकसान पटवावं लागतं. चेकच्या केसमध्ये उलटं आहे, देणं नव्हतं हे तुम्ही पटवायचं. म्हणजे २५ लाखांचा आकडा कोर्टात टिको न टिको, तीन चेक त्या आकड्याला मागच्या दारानं आत आणतात.

लवाद. एका बाजूनं स्वतःच्या मर्जीचा एकमेव लवाद नेमणं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ पासून मोडीत काढत आणलंय. त्यावर भांडता येईल. पण गुरुग्राम राहणारच. आपल्याकडं कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ ला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आलं, पेढे मी पण वाटले, पण करारात गुरुग्राम लिहिलं की त्याचा तुम्हाला काही उपयोग नाही. तारखेला विमानानं जावं लागेल, तेही तिकीट काढून.

शिरगावची_लेथ | शनिवार, दुपारी १२:५५

वकीलसाहेब, मग माझ्या पन्नास हजारच्या बाँडचं काय? मी पण कोरा चेक घेतो.

टाकाळ्याचा_वकील | शनिवार, दुपारी १:०२

तुमच्याकडे एका पोरावर केलेल्या खर्चाचा कागद आहे का?

शिरगावची_लेथ | शनिवार, दुपारी १:०९

फुटलेल्या इन्सर्टची बिलं आहेत.

टाकाळ्याचा_वकील | शनिवार, दुपारी १:११

मग तेवढेच मिळतील. चेक परत करा.

नाद_खुळा_०९ | शनिवार, दुपारी १:४०

🙏 माघार घेतली. पण मला सांगा, पोरगं सही न करता घरात बसलं तर बँकेचा हप्ता कोण भरणार? हितं सगळे कलमं सांगायलेत, हप्त्याचं कोण बोलंना.

डावी_सीट | शनिवार, दुपारी ४:१५

नाद_खुळा यांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. मी असतो तर सही केली असती. पहिली नोकरी ही आमच्यात सगळ्यात अवघड. २०० तासांच्या पोराला कुणी विचारत नाही, १५०० तासांच्या पायलटला फोन येतात. घरी बसलेला प्रत्येक महिना पायलटच्या अंगावर येतो, कंपनीच्या नाही. किंगफिशर २०१२ ला बंद पडली, जेट २०१९ ला, गो फर्स्ट २०२३ ला. प्रत्येक वेळी तासवाले पायलट एकदम बाजारात आले आणि नवी पोरं रांगेत मागं ढकलली गेली. तेव्हा आत घुसायची संधी आहे तर घुसावं.

पण कशावर सही करतोय ते कळून. एटीआरचं रेटिंग चांगलंच, पण ते चालवणाऱ्या कंपन्या देशात हाताच्या बोटावर. पुढे एअरबसवर जायचं झालं तर पुन्हा टाइप रेटिंग, आणि त्याचा पुन्हा नवा बाँड. कॅप्टन झालात की काही ठिकाणी तिसरा. आमच्यातले काही जण पहिला संपायच्या आत दुसऱ्यावर सही करून दहा वर्षं तिथंच आहेत. हे वाईट म्हणत नाही, मी पण त्यातलाच. फक्त नवा बाँड लागला की जुना तिथंच संपतो, हे लिहून घ्यावं.

एचआर म्हणणार, फॉरमॅट फिक्स आहे. करार बदलणार नाहीत. पण मेलवर विचारलेल्या प्रश्नाला मेलवर उत्तर देतात. ते उत्तर जपून ठेवायचं. फोनवरचं आश्वासन म्हणजे वाऱ्यावरची वरात.

माहेर_गडहिंग्लज | शनिवार, दुपारी ४:४०

मेल मुलानं करायचा की वडिलांनी? आमच्याकडे सगळं बापच करतो म्हणून विचारते.

डावी_सीट | शनिवार, दुपारी ४:४६

मुलानं. ज्याला उद्या इंजिन बंद पडल्यावर निर्णय घ्यायचाय, त्याला एक मेल लिहिता आला पाहिजे.

पाचगावकर | सोमवार, रात्री ८:३०

उशीर झाला, दोन दिवस धावपळ होती.

रविवारी वकीलसाहेबांना व्यक्तिगत निरोप पाठवला, त्यांनी मेलचा मसुदा दिला, फी घेतली नाही. (साहेब, दुकानात या, तुमच्या स्कूटरच्या ब्रेकचं बघतो.) मेल धाकट्यानंच पाठवला. पाच प्रश्न होते. सोमवारी अकराला एचआरचा फोन आला, आवाज जरा चढा. धाकट्यानं शांतपणे एवढंच म्हटलं, "मॅडम, मला जॉइन व्हायचंच आहे, फक्त हे मेलवर द्याल का?" मी शेजारी उभा होतो, माझेच हात थरथरत होते.

दोन वाजता उत्तर आलं. पाच वर्षं पाचच राहिली. पण मोजणी लाईन रिलीजपासून किंवा जॉइनिंगनंतर नऊ महिन्यांनी, जे आधी होईल तेव्हापासून. रक्कम दर वर्षाला पाच लाखांनी उतरणार. महिन्याचा हिशोब मागितला होता, दिला नाही. कायमचा मेडिकल अनफिट झाला तर वसुली नाही. तात्पुरता अनफिट असेल तर "कंपनीच्या विवेकानुसार". कंपनीनं स्वतः कमी केलं तर फक्त शिस्तभंगाच्या कारणाला पैसे लागतील. गुरुग्राम तसंच. १८ टक्के तसंच.

जामीनदारावर अडून बसले. शेवटी आबांच्या जागी मी सही करणार. माझ्या नावावर दुकानाचा माल आणि एक स्प्लेंडर आहे, बघू काय नेतात ते. आबांना हे पटलं नाही. म्हणाले, "बाप असताना भावानं का?" त्यांना ग्राउंडेड दादांची पोस्ट वाचून दाखवली. राधानगरीच्या पोस्टमनपर्यंत आलो तेव्हा हात वर करून थांबवलं, म्हणाले, बास.

चेक तीन द्यायचेच आहेत. पण कोरे नाहीत. प्रत्येकावर आकडा घातलाय आणि चेकचे नंबर लिहून "फक्त प्रशिक्षण कराराच्या तारणापोटी" असं पत्र सोबत जोडलंय. त्याच्या प्रतीवर त्यांची पोच घेणार. बँकेत विचारलं तर मॅनेजर म्हणाले, असं पत्र जोडणारे तुम्हीच पहिले.

परवा सकाळच्या विमानानं जातोय. सिम पुढच्या आठवड्यात.

दोनदा_ग्राउंडेड | सोमवार, रात्री ८:४४

"विवेकानुसार" वर लक्ष ठेवा. माझं तिथंच अडकलं होतं. रोज तीन लिटर पाणी प्यायला सांगा त्याला, चेष्टा करत नाही. कॉकपिटमध्ये पोरं पाणी टाळतात आणि मग खडे होतात.

शिरगावची_लेथ | सोमवार, रात्री ९:१०

पोरगं उडालं की कळवा. आणि आज मी चार पोरांचे चेक परत दिले. एकानं तो तिथंच फाडला आणि विचारलं, "शेठ, कंपनी बंद करताय काय?"

माहेर_गडहिंग्लज | सोमवार, रात्री ९:२५

पाचगावकर दादा, एक राहिलं. पाच वर्षांनी ते तीन चेक परत मागायचे कुणाकडे? तोपर्यंत ही एचआर मॅडम तिथं असतील का?

टाकाळ्याचा_वकील | सोमवार, रात्री ९:३२

उत्तम प्रश्न. त्या नसतील. म्हणून पत्रात एक ओळ वाढवा : मुदत संपल्यापासून तीस दिवसांत मूळ चेक परत, नाही दिले तर ते रद्द समजावेत. पाचगावकर, पत्र अजून दिलं नसेल तर आज रात्रीच बदला.

पाचगावकर | सोमवार, रात्री ९:४०

प्रिंटर दुकानात आहे. निघालो.